रिकाम्या जागा भरा

“मॅडम, नापास व्हायला किती मार्क लागतात?”

पंकजानं विचारून टाकलं, आणि विचारल्याबरोबर तिला कळलं की शाळेच्या पाण्याच्या टाकीमागं हा प्रश्न जेवढा भारी वाटला होता तेवढा तो इथं, या पांढऱ्या टेबलासमोर, वाटत नाहीये. पैज सायलीची, वर्गातल्या मैत्रिणीची. दुसरी मैत्रीण ज्योती, तिनं नुसती री ओढली होती. नापास झाल्याशिवाय प्रवेश मिळत नाही अशी परीक्षा जगात असूच शकत नाही, असं सायलीचं ठाम म्हणणं. आणि असलीच तर ती पंकजाच्या आईला नाही, आधी आपल्याला सांगायला हवी होती, दहावीच्या सराव परीक्षेत आपण जे दिवे लावलेत ते बघता आपल्याला पहिल्या फटक्यात घेतलं असतं. विचारून दाखव त्या डॉक्टरला तोंडावर, विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर मी वाहते. आणि पंकजा आता पैज सोडणाऱ्यांतली राहिली नव्हती. जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून तिला वाटायला लागलं होतं की आपण तोंड उघडलं की समोरचा ऐकणारच, मग तो मुख्याध्यापक असो, कंडक्टर असो नाहीतर मेंदूचा डॉक्टर. आई आणि पप्पा बाहेर बाकावर बसले होते. चष्म्याचं घर आत राहिलं, असं खोटंच सांगून ती परत आत घुसली होती.

मॅडम कागद गोळा करत होत्या. तरुणच होत्या, मी संगमनेरची, असं त्यांनी आईला सकाळी आल्या आल्या सांगून टाकलं होतं, आई घाबरू नये म्हणून. त्या आधी मोकळ्या हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, तुझा प्रश्न बरोबरच आहे. हा नव्या औषधाचा अभ्यास एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्यांपैकी ज्यांची आठवण आणि विचारांचा वेग कमी झालाय त्यांच्यासाठी आहे, म्हणून एक रेषा आखलीय, आणि दोन्ही चाचण्यांत जो रेषेच्या खाली तोच आत. भरलेल्या हंड्यात पाणी ओतलं तर वाढलं किती हे कसं कळायचं? आई शब्दांच्या चाचणीत रेषेच्या खाली होत्या. चिन्हं आणि आकड्यांच्या चाचणीत मात्र इतक्या वर गेल्या की मलाच नवल वाटलं. या वेळी बसत नाहीत त्या. सहा महिन्यांनी परत बघता येईल, तोवर भरती चालू असली तर. मग फाईलची दोरी बांधता बांधता त्यांनी सहज विचारलं, “आई शिक्षिका होत्या का गं? शब्द आठवला नाही की इतक्या गोड आवाजात मलाच विचारायच्या, ‘सांगा बरं, याला काय म्हणतात?’ उत्तर माझ्या अगदी ओठावर आलं होतं. कसंबसं गिळलं मी.”

चष्म्याचं घर पंकजाच्या हातातच होतं. ते तिनं उगाच एकदा उघडलं आणि टप्पकन बंद केलं.

सांगा बरं, याला काय म्हणतात. केडगावात असं एक घर नसेल जिथल्या एखाद्या पोरानं हे वाक्य ऐकलेलं नाही. आईचा क्लास म्हणजे पुढची खोली, एक फळा, सतरंज्या, आणि स्कॉलरशिपला बसलेली चौथी-पाचवीची पोरं; गणित, मराठी आणि बुद्धिमत्ता चाचणी. रोहिणीबाईंच्या क्लासची पोरं बुद्धिमत्तेत कधी मार खायची नाहीत. त्रिकोण म्हणजे चार, गोल म्हणजे सात, तर त्रिकोण-गोल म्हणजे किती, असल्या सांकेतिक भाषा आई झोपेतसुद्धा सोडवायची. आणि तिची शिकवायची पद्धत म्हणजे वाक्य अर्धवट सोडायचं. पृथ्वीच्या मधोमध जी कल्पित रेषा असते तिला काय म्हणतात, सांगा बरं? पोरं केकाटायची. आईचं म्हणणं असं की मास्तरानं पूर्ण वाक्य बोलूच नये, शेवटचा शब्द पोरांच्या तोंडून यावा, तरच तो त्यांच्या डोक्यात राहतो. पुढं मग डाव्या डोळ्यासमोर धूर आला, पायाला मुंग्या आल्या, नगरच्या दोन डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून टॉनिकं दिली, आणि शेवटी एमआरआयमध्ये पांढरे ठिपके दिसले. मेंदूतल्या वायरींवरचं वेष्टण जागोजाग खरवडलं गेलंय, असं पप्पांनी पंकजाला समजावलं होतं. ते एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलच्या खात्यात असल्यानं त्यांना आजार तेवढाच समजला आणि तेवढाच पटला. वायर तुटली न्हाई, नुसतं वेष्टण गेलंय, चालतंय. शेजारच्या रंगुबाईंना तर अजूनही वाटतं की रोहिणीबाईंनी एमएस-सीआयटीचा कोर्स केला आणि कॉम्प्युटर बघून बघून डोळे गेले.

क्लास बंद झाला त्या दिवशी पंकजा आतल्या खोलीत होती. भागाकार चालला होता. तेवीसला चारनं भागलं, पाचदा गेला, खाली उरले तीन, आणि या उरलेल्याला… आई थांबली. खडू फळ्याला टेकलेला. “याला काय म्हणतात, सांगा बरं?” आणि सगळी सतरंजी ओरडली, बाकी, बाकी, बाकी. “शाब्बास,” आई म्हणाली. पाच मिनिटांनी दुसरा भागाकार, पुन्हा खडू थांबलेला, पुन्हा सांगा बरं. तिसऱ्यांदा पोरं ओरडली नाहीत, हसली. एक आगाऊ कार्टं म्हणालं, बाई, तेच तेच काय विचारता. त्याच संध्याकाळी आईनं फळा उलटा करून भिंतीला लावला आणि सगळ्यांना सांगितलं की पाय दुखतात. पंकजानंही तेच धरून ठेवलं, कारण पाय खरंच दुखत होते. मग आई घरात तिला विचारत राहिली. पंकजा, कपडे वाळत घालताना चिमटा लावतो ना, नाही, चिमटा नाही, ते हे, काय म्हणतात सांग बघू. पंकजा, परवा आपल्याकडं आले होते ते पाथर्डीचे, पप्पांचे कोण बरं, सांग बघू. आणि पंकजा सांगायची. टक्क डोळे करून, हात वर न करता, वाक्य संपायच्या आत. हँगर. चुलतमामा. आईला अजूनही आपल्याला शिकवायची हौस आहे, आजारी असून आपली उजळणी घेते, असं तिला वाटायचं. वक्तृत्वाच्या एका भाषणात तिनं हे घातलंसुद्धा होतं आणि त्यावर टाळ्या पडल्या होत्या. त्या टाळ्या आत्ता या कॉरिडॉरमध्ये तिच्या कानशिलात वाजायला लागल्या आणि तिला स्वतःचाच असा राग आला की फिनाईलचा वाससुद्धा सहन होईना.

बाहेर पप्पा उभे राहिले होते. फोन कानाला. “व्हय, व्हय, पास झाली. लई चांगले मार्क पडले म्हनं.” पलीकडं आजी, झुंबरबाई, गावाकडून. आजीचा आवाज फोनमधून बाकापर्यंत येत होता. पास झाली म्हंजी बरंच झालं की रं अजिनाथा, मग आता औषिद कधी देणार? पप्पा म्हणाले, तेच तर, पास झाली म्हनून देणार न्हाईत. मग आजी म्हणाली, डॉक्टर येडाय का तो? आणि फोन कटला, का आजीनंच ठेवला. आईनं पंकजाकडं बघून भुवई उडवली. दोघींना हसू आलं आणि दोघींनीही ते गिळलं. पप्पांची चूक नव्हती. आपल्याकडं दोनच शब्द आहेत, पास आणि नापास, आणि त्यातल्या दुसऱ्यासाठी देव पाण्यात ठेवायची सवय कुणालाच नाही. चाचणीचं पत्र आल्यापासून घरात दहावी पंकजाची नसून आईची असल्यासारखं वातावरण होतं. पप्पांनी बदाम आणले. पंकजानं मोबाईलवर शोधून शोधून चिन्हं-आकड्यांचे तक्ते काढले, आईच्याच कपाटातली बुद्धिमत्तेची जुनी पुस्तकं खाली काढली, घड्याळ लावून सराव घेतला, आणि आईचा वेग वाढत गेला तसा तिला अभिमानानं घाम फुटत गेला. कमी मार्क पडले तरच घेणार, असं पत्रात होतं; पण तयारी करू नका, असं कुणी म्हणालं असतं तरी त्यांना ते कळलं नसतं. परीक्षा आहे म्हटल्यावर तयारी करायची. वासराला कुणी दूध प्यायला शिकवतं का.

केडगावच्या शेअर रिक्षात आई मधे बसली, पंकजा कडेला, पप्पा पुढं ड्रायव्हरच्या शेजारी अर्धे बाहेर. पुणे रस्त्यावर धूळ. समोरच्या एसटीवर पाटी, अहिल्यानगर, नव्या रंगात. पंकजाला सकाळचं आठवलं आणि ती पुन्हा चिडली. मॅडमनी सुरुवातीला साधे प्रश्न विचारले होते, आज वार कोणता, महिना कोणता, आणि आपण कोणत्या जिल्ह्यात आहोत. आई म्हणाली, अहमदनगर. मॅडमचं पेन जरा अडलं, मग त्या हसून म्हणाल्या, तोंडात बसलंय ना, आम्हीपण तेच म्हणतो अजून, आणि पुढं गेल्या. पप्पापण हसले, रिक्षावाला असता तर तोही हसला असता. सगळे नगरच म्हणतात, जुनं म्हणतात नाहीतर नवं म्हणतात, ज्याला जे सुचेल ते. पण पंकजानं गेल्याच आठवड्यात आईला आधार कार्डाचं काम करताना ऐकलं होतं. हे अहिल्यानगर कुठं आलं गं, आपल्यापासून लांब आहे का, असं आईनं विचारलं होतं, अगदी खरं खरं, आणि पंकजा खळखळून हसून म्हणाली होती, आई, तू पण ना, आणि पुढं उत्तरही देऊन टाकलं होतं. म्हणजे सकाळी जी चूक होती ती कुणालाच चूक वाटली नाही, कारण तीच चूक सगळा जिल्हा करत होता. आणि आई त्या गर्दीत अशी उभी राहिली की कुणाला दिसलीच नाही. पंकजानं वळून बघितलं. आई दोन्ही हातांनी पर्स धरून समोरच्या पाटीकडं बघत होती, ओठ हलत होते, ती पाटी वाचत होती की पाठ करत होती कोण जाणे.

आणि घरच्या माणसाची मुलाखत. ती तर पंकजाला आठवायचीसुद्धा नव्हती. घरात त्यांचं काही विसरतं का, वाक्य मधेच तुटतं का, असं मॅडम पप्पांना विचारत होत्या, आणि पप्पा प्रत्येक प्रश्नाला, न्हाई न्हाई, तसं काई न्हाई, सगळं व्यवस्थित हाय. आईची अब्रू राखत होते ते, हे तर होतंच. पण मुख्य म्हणजे ते खोटं बोलत नव्हते. पप्पांच्या शिफ्टा. ते घरी असतात तेव्हा ऐकतात काय, तर आईचं वाक्य, जरासा खड्डा, आणि लगेच त्यात पंकजा. त्यांना खड्डा कधी दिसलाच नाही. त्यांना रस्ता दिसला, गुळगुळीत, आणि रस्त्यावर एक बडबडी पोरगी, जिला जिल्ह्यात पहिला नंबर मिळालाय. मुलाखत द्यायला सज्ञान माणूसच लागतं, असं मॅडमनी पंकजाला आधीच सांगून खुर्चीवरून उठवलं होतं. चीड यायची ती कुणाची? मॅडमची येईना, पप्पांची येईना. रिक्षावाल्यानं केडगावच्या वेशीपाशी उगाच हॉर्न वाजवला, त्याची मात्र भरपूर आली.

घरी आल्यावर पप्पांनी पंखा लावला आणि त्यांना तोडगा सुचला. त्यांना पंख्याखालीच सुचतं. सहा महिन्यांनी परत जायचं ना, मग पुढच्या बारीला जरा चुका करायच्या. त्यात काय एवढं, चार आकडे बरोबर, दोन चूक, चार बरोबर, दोन चूक. कुनाला कळतंय. पंकजाला हे क्षणभर इतकं साधं आणि सुंदर वाटलं की तिनं मान डोलावलीसुद्धा. आई भिंतीला टेकून बसली होती, उलट्या केलेल्या फळ्याशेजारी. ती हळू म्हणाली, “अहो, मुद्दाम चुकायला आधी बरोबर उत्तर आठवावं लागतं.”

पप्पा हसले. आई नाही हसली. मग तीच म्हणाली, तिला काही फुकटचं औषध नकोय. आणि ते खरं औषध मिळेल की नुसतं तसं दिसणारं, हेही कुणी सांगत नाही, हे तिला माहीत आहे. मॅडमनी वाचून दाखवलंय, सही करायच्या आधी. तिला फक्त हा फळा एकदा सुलटा करायचाय. “मला परत क्लास घ्यायचाय. बाकी काही…” असं म्हणून ती थांबली, आणि पंकजाच्या मनात आलं, शब्द आलाय, तिचा तिला आलाय, बाकी, आणि तिच्या लक्षातही आलं नाहीये. पंकजानं हे बोलून दाखवलं नाही. बोलून न दाखवणं ही गोष्ट तिला नवीन होती. तोंडात गरम बटाटा धरून ठेवावा तसं झालं.

आई चहाला उठली, भिंतीचा आधार घेत. पंकजा दाराच्या चौकटीला टेकून राहिली आणि तिला उगाच पाचवीतलं ते स्टेज आठवायला लागलं, संगमनेरचं, आयुष्यातलं पहिलं. तेव्हा ती काही बोलकी नव्हती. घरात पाहुणे आले की पलंगाखाली जायची. भाषण स्वच्छतेवर. आपण आपलं घर झाडतो पण… आणि पुढचा शब्द गेला. समोर गर्दी, माईकची शिट्टी. पहिल्या रांगेत आई. शाळेच्या बाई आईला खुणा करत होत्या, सांगा की, ओठ हलवा की. आणि आईनं ओठ मिटून घेतले. घट्ट. ती नुसती बघत राहिली पंकजाकडं, पापणी न हलवता, जणू तिच्याकडं संध्याकाळपर्यंत वेळ होता, उद्यापर्यंत होता. हॉलमध्ये कुणी खोकलं, कुणी हसलं. आईचे डोळे तिथंच. मग कुठून तरी खालून, पोटातून, तो शब्द वर आला, सार्वजनिक. नंबर काही आला नाही. येताना एसटीत पंकजा आईशी बोलली नाही, परतीच्या रस्त्यावरची सगळी गावं सरेपर्यंत ती खिडकीला नाक लावून बसली. शेवटी भडकून म्हणाली, तुला येत होता ना शब्द, मग का नाही सांगितलास? आई म्हणाली होती, मी सांगितला असता तर तुला तो येतो हे तुला कुठून कळलं असतं?

ते तेव्हा तिला मुळीच पटलं नव्हतं. दुष्टपणा वाटला होता. आणि आज, ज्या तोंडानं ती गेली दोन वर्षं आईच्या प्रत्येक वाक्याचा शेवट पळवतेय, ते तोंड त्याच दिवशी उघडलं होतं, ओठ मिटलेल्या त्या बाईसमोर. वैताग असा की कुणावर काढायचीही सोय नाही.

“पंकजा.” आई गॅसपाशी. पातेल्यातलं दूध कडेनं वर यायला लागलं होतं. आईनं हात मागं केला, न बघता, बोटं उघडझाप करत. “ते दे गं, पातेलं उतरवायचं ते. काय म्हणतात त्याला, सांग बघू.”

सांडशी. ओट्यावरच्या खिळ्याला टांगलेली होती, पंकजाच्या हाताच्या अंतरावर, आणि शब्द तर त्याहून जवळ, जिभेच्या टोकावर, दातांना आतून धडका देत होता. पंकजा पुढं झाली. तिनं हात लांब केला आणि गॅस बंद केला. दूध काठापर्यंत येऊन खाली बसलं. मग ती परत मागं सरकून चौकटीपाशी उभी राहिली आणि तिनं ओठ मिटून घेतले.

आईनं वळून पाहिलं. आधी नुसतीच वाट बघत, रोजच्यासारखी, शिकवणीतल्या चेहऱ्यानं, भुवया जरा वर, ओठांवर ते गोड हसू. “सांग बघू,” ती पुन्हा म्हणाली. पंखा फिरत होता. बाहेर रंगुबाई कुणाच्या तरी शेळीला शिव्या देत होत्या. आईचं हसू आधी कोपऱ्यातून गेलं, मग भुवया खाली आल्या, आणि त्या चेहऱ्यामागून एक दुसराच चेहरा बाहेर आला, जो पंकजानं कधी पाहिला नव्हता, कारण तो यायच्या आतच ती दरवेळी उत्तर देऊन टाकायची. तो चेहरा रिकामा होता, शोधत होता, आणि घाबरलेला होता. मग तो रागावला. पंकजानं चौकट घट्ट धरली.

“अगं दे की तिला,” पप्पा म्हणाले. मग त्यांनी आईकडं पाहिलं. ते खुर्चीवरून हळू उठले, आणि उठून काय करायचं ते न सुचून तिथंच उभे राहिले, एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून, बायकोच्या तोंडाकडं बघत, जसं ते आज पहिल्यांदाच बघत होते.

“रोहिणे,” ते म्हणाले, “न्हाई आठवत तुला?”

आईनं पदरानं ओट्याची कड पुसली, जी पुसायची काही गरज नव्हती. “ही विचारायची तेव्हा मी सांगत नव्हते कधी,” ती म्हणाली, पंकजाकडं न बघता, “म्हणून सूड उगवतेय.” आवाज कडवट होता, पण त्याच्या तळाशी काहीतरी ओळखीचं होतं, एसटीतलं. म्हणजे आईला ते आठवत होतं. हँगर गेला होता, पाथर्डीचा पाहुणा गेला होता, अख्ख्या जिल्ह्याचं नाव गेलं होतं, आणि हे होतं.

पंकजानं श्वास घेतला. वक्तृत्वाला घेते तसा नाही, साधाच. तिला एवढ्यात किती भाषणं आली, टाळ्या पडतील अशी, आणि ती सगळी तिनं खाली जाऊ दिली.

“आई, पप्पा, ऐका,” ती म्हणाली. “सहा महिन्यांनी आपण परत जायचं. या वेळी तयारी नाही, सराव नाही, मुद्दाम चुका नाहीत. पप्पा, मॅडम विचारतील तेव्हा तुम्ही जे बघाल तेच सांगायचं, आणि तुम्हाला बघता यावं म्हणून आजपासून या घरातल्या रिकाम्या जागा मी भरणार नाही. आई, तुला हवा तेवढा वेळ घे. दूध गार झालं तरी चालेल, आपण थांबू.”